वायरिंगवाल्या तातेरावांचं भ्या

वाटूर फाट्यावर तातेराव खंदारेंना सगळे 'भित्रा वायरिंगवाला' म्हणायचे, आणि गाडीतली वायर जळाली की गाडी त्यांच्याच दारात आणून उभी करायचे. जीप, ट्रॅक्टर, टेम्पो, लग्नाच्या बँडची गाडी, काहीही असो. चौतीस वर्षं त्यांनी फाट्यावर दुकान चालवलं. दुसरे मिस्त्री बॉनेट उघडलं की सरळ हात घालतात. तातेराव आधी दोन पावलं मागं सरकायचे, डोळ्यांवर चष्मा चढवायचे, हातातलं कडं काढून खिशात टाकायचे आणि मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायचे. गिऱ्हाईक घाईत असलं की ओरडायचं, "अहो, नुसता बल्ब बदलायचाय!" तरी त्यांचा क्रम बदलायचा नाही.

या भीतीला कारण होतं. एकोणिसाव्या वर्षी ते जालन्याला एका बॅटरीच्या दुकानात कामाला होते. तिथले उस्ताद अप्पाराव. मोठा माणूस, हात सोन्याचा. एका दुपारी चार्जिंगला लावलेल्या बॅटरीवर वाकून त्यांनी चार्जरचा चिमटा काढला आणि ठिणगी पडली. तातेराव दारात चहाचे ग्लास घेऊन उभे होते. बार झाल्यासारखा आवाज झाला, झाकण उडालं, आणि अप्पाराव दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसले. त्यांचा उजवा डोळा गेला. तातेरावांनी त्यांच्या तोंडावर पाण्याच्या बादल्या ओतल्या, आणि त्या दिवसापासून चष्मा चढवल्याशिवाय ते कुठल्याही बॅटरीवर वाकले नाहीत.

दीपमाला त्यांची एकुलती एक मुलगी. मी शिकवतो त्याच शाळेत तीही शिकवते. लहानपणी तिला दुकानात यायची बंदी होती. "तिकडं बस, बाकड्यावर," एवढंच. दाराबाहेरच्या त्या बाकड्यावर बसून ती अभ्यास करायची आणि लांबून बघायची. तातेरावांचं म्हणणं, तिनं शिकावं, मास्तरीण व्हावं, पण वायरला हात लावू नये. ती मास्तरीण झाली, तिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली, एक जुनी डिझेल गाडी घेतली. बॉनेट मात्र तिनं कधी स्वतः उघडलं नाही.

पुढं तातेरावांना दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं आकसत चाललीत. दुकान बंद झालं. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि बाहेर न्यायला खांद्याच्या पिशवीएवढं एक छोटं. छोट्याला स्वतःची बॅटरी होती. नवं होतं तेव्हा ती दोन तास चालायची, आता जेमतेम अर्धा तास. गाडीत बसलं की त्याची वायर पुढच्या चार्जरच्या सॉकेटमध्ये घालायची, म्हणजे गाडीच्या करंटवर मशीन चालायचं आणि त्याची बॅटरीही भरायची. दर महिन्याला तपासणीसाठी जालन्याला असंच जाणं व्हायचं.

गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. सकाळी सव्वानऊला गावातली लाइट गेली. मोठं मशीन बंद, म्हणून छोटंच चालू ठेवावं लागलं. साडेनऊला निघाले तेव्हा त्याच्या बॅटरीची एकच रेघ उरली होती. दीपमाला म्हणाली, "गाडीत भरंल हो जाईस्तोवर." पुढं ती आणि तातेराव, मागं आई, प्रभावतीबाई, मांडीवर मशीन घेऊन.

नेर गाव मागं पडलं आणि स्टिअरिंगपुढच्या काट्यांच्या मध्ये बॅटरीचं लाल चित्र उजळलं.

दीपमालानं ते पाहिलं आणि गाडी तशीच पुढं नेली. आपल्याला भास झाला असेल, असं तिला वाटलं. एका खड्ड्यात गाडी आदळली, चित्र अजून लाल झालं आणि परत फिकं पडलं. तिनं नजर चोरून वडिलांकडं पाहिलं. ते त्याच चित्राकडं बघत होते.

"दिवा... कधी पेटला?" त्यांनी विचारलं. त्यांचं बोलणं असं एकेका शब्दानं यायचं, मध्ये श्वास.

"आत्ताच. काही न्हाई बाबा, जालन्याला दाखवू."

त्यांनी मान हलवली. नाही. मग हात पुढं करून पंखा बंद केला. चित्र थोडं मंदावलं. पंखा चालू केला, उजळलं. परत बंद केला.

"थांबव."

"इथं? इथं कुठं थांबवू?"

"सावलीत. चालूच ठेव... इंजन."

रस्त्याकडेला एक बाभूळ होती, तिच्याखाली तिनं गाडी घेतली. दोन्ही बाजूला गव्हाची वावरं, मजूर बाया कापणीला लागलेल्या. प्रभावतीबाई मागून म्हणाल्या, "काय झालं? मशीन तर चालून राह्यलंय."

तातेरावांनी तपासणीच्या फाइलवर पेन टेकवला आणि वाकड्या अक्षरात लिहिलं: 'चार्जिंग न्हाई. मशीन गाडीची बॅटरी खातंय. गाडी मधेच बंद पडंल.'

दीपमालानं ते दोनदा वाचलं. जालना अजून पंचवीस किलोमीटर. गाडी बंद पडली तर मशीनकडं एक रेघ. तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडच्या माणसानं नीट ऐकून घेतलं, जागा विचारली, म्हणाला, "जालन्याहून निघतो आहोत मॅडम, तीस-पस्तीस मिनिटं धरा. पेशंटला झोपवू नका, बसवून ठेवा."

पस्तीस मिनिटं. प्रभावतीबाईंनी नवऱ्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला होता. त्यावर ८९ दिसत होतं. त्यांना तो आकडा कळायचा. नव्वदच्या खाली गेला की त्या पदर तोंडाशी धरायच्या.

तातेरावांनी पायाजवळच्या पिशवीकडं बोट दाखवलं. दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली, तरी ते कुठंही जाताना ती पिशवी बरोबर न्यायचे. त्यात नट खोलायचे दोन पाने, पक्कड, घासायच्या पॉलिश पेपरचा तुकडा आणि व्होल्ट मोजायचं पिवळं मीटर.

"तू," ते म्हणाले.

"मला न्हाई येत, बाबा."

"मी... उठू शकत न्हाई."

ती उतरली. आतला खटका ओढायचा एवढं तिला ठाऊक होतं. बॉनेट वर झालं तसा गरम वाऱ्याचा लोट तोंडावर आला. इंजिन धडधडत होतं, पट्टा फिरत होता. काचेआडून तातेरावांनी स्वतःच्या गळ्याकडं बोट केलं आणि मग पट्ट्याकडं. तिला क्षणभर कळलंच नाही. मग तिनं ओढणी काढून आत सीटवर फेकली. ती पट्ट्यात गुंतली असती.

तेवढ्यात मागून मोसंबीचे कॅरेट भरलेला एक पिकअप येऊन थांबला. ड्रायव्हर चाळिशीचा, गळ्यात गमछा. त्याचं नाव अंगद, हे नंतर कळलं. "काय झालं ताई?"

"चार्जिंगचा दिवा लागलाय. आत वडील आहेत, ऑक्सिजनवर."

अंगदनं आत डोकावून पाहिलं, नाकातली नळी पाहिली, आणि गडबडीनं बॉनेटकडं आला. "सोपं हाय. चालू गाडीत बॅटरीची एक तार काढायची. गाडी चालू राह्यली तर डायनामो बराबर, बंद पडली तर डायनामो गेला. पाच सेकंदाचा खेळ. आमी असंच करतो." आणि त्यानं खिशातून पाना काढला.

हॉर्न वाजला. एकदा नाही, सलग. तातेराव सीटवरून आडवे होऊन, एका हातानं स्टिअरिंगच्या मधोमध जोर देऊन हॉर्न दाबत होते. तोंड उघडं, डोळे मोठे झालेले. नाकातली नळी एका बाजूनं निसटली होती. प्रभावतीबाई मागून ओरडत होत्या, "अहो सोडा! सोडा म्हणते ना!"

"नका काढू!" दीपमाला ओरडली. अंगदचा हात थांबला.

ती धावत आत गेली. नळी परत नाकात बसवली. चिमट्यावर ८५. तातेरावांनी दम खात फाइल ओढली. मग लिहिलं: 'चालू गाडीत तार काढली की करंट उसळतो. मशीन जळंल.'

अंगदनं ते वाचलं आणि पाना परत खिशात घातला. "मला काय ठावं," तो हळूच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मंग काय करायचं, काका? सांगा तुमी. मी करतो."

तातेरावांनी मान हलवून दीपमालाकडं बोट केलं. मीटर तिनंच धरायचं. घाईचा हात त्यांना नको होता.

त्यांनी बोटांनी दाखवलं: लाल सुई बॅटरीच्या प्लसवर, काळी मायनसवर. तिनं सुया टेकवल्या. आकडे नाचले आणि थांबले. "अकरा पॉइंट नऊ," ती ओरडली.

त्यांनी डोळे मिटले. चालू गाडीत चौदाच्या आसपास पाहिजे. मग डोळे उघडून त्यांनी हवेत एक गोल काढला आणि त्याच्या मागं एक टिंब. अल्टरनेटर, म्हणजे अंगद ज्याला डायनामो म्हणत होता तो करंट तयार करणारा गोल डबा, आणि त्याच्या पाठीमागचा जाड तारेचा बोल्ट. तिनं वाकून पाहिलं. तो खाली होता, फिरत्या पट्ट्यापासून वीतभर अंतरावर. वर रबराची टोपी.

"अंगदभाऊ, माझा हात धरा. थरथरून राह्यलाय."

अंगदनं तिचं मनगट धरलं. तिनं पक्कडीच्या टोकानं टोपी सरकवली, लाल सुई बोल्टला लावली. पट्ट्याचा वारा बोटांना लागत होता.

"चौदा पॉइंट तीन!"

तिनं मान वर केली तर तातेराव काचेतून तिच्याकडं बघत होते आणि हाताचा पंजा उघडझाप करत होते. परत मोज. तिनं परत मोजलं. चौदा पॉइंट तीनच.

तिनं जाऊन फाइलवर वाचलं: 'डबा चांगला. करंट बनतोय, बॅटरीपर्यंत येत न्हाई. बोल्टचा नट ढिला किंवा तार जळालेली. म्हणून दिवा मिणमिणतो, पूर्ण पेटत न्हाई.' आणि त्याखाली, अक्षर आणखी वाकडं: 'इंजन बंद. मग आधी मायनस तार काढ. न्हाईतर पाना बॉडीला लागून ठिणगी.'

इंजिन बंद. मायनस तार काढली की सॉकेट मेलं. म्हणजे मशीन एका रेघेवर.

दीपमाला मला नंतर हे सांगत होती. म्हणाली, "सर, तिथं मी बाबांना विचारलं, नुसतं बसून रुग्णवाहिकेची वाट बघितली तर? त्यांनी घड्याळ दाखवलं. अजून वीस-बावीस मिनिटं होती. गाडीची बॅटरी तेवढी टिकंल का, ते त्यांनाबी सांगता येत नव्हतं. मग म्हणाले, 'आत्ता कर. गाडीत जीव हाय तवर.'"

तिनं चावी फिरवली. इंजिन थांबलं आणि एकदम शांतता झाली. त्या शांततेत मागच्या सीटवरून मशीनची धाप ऐकू येत होती. प्रभावतीबाई पुटपुटत होत्या, "बुद्धं सरणं गच्छामि, बुद्धं सरणं," आणि पुढचं त्यांना आठवत नव्हतं.

दहा नंबरच्या पान्यानं मायनस सुटली. मग बारा नंबर, खालच्या बोल्टला. पाना बसवला आणि नट बोटानंच फिरला. इतका ढिला. दोन महिन्यांपूर्वी पट्टा बदलताना कुण्या मिस्त्रीनं हातानं लावून सोडून दिला असावा. तारेच्या टोकाचं कडं काळं पडलं होतं, कोळशासारखं.

"घास," आतून आवाज आला. "चमकंस्तोवर."

ती पॉलिश पेपरनं घासायला लागली. अंगदनं तार धरून ठेवली. काळं निघालं, खालून तांबं दिसायला लागलं. आणि तेव्हाच मशीन वाजलं. टीं, टीं, टीं. मग लांब एक आवाज, आणि मग काहीच नाही.

"बंद पडलं!" प्रभावतीबाई किंचाळल्या. "दीपे, बंद पडलं!"

दीपमालाला पळावंसं वाटलं. आत, वडिलांकडं. पाना टाकून द्यावा, त्यांचा हात धरावा. ती मला म्हणाली, त्या क्षणी ती गेली असती. पण तातेराव आतून बघत होते आणि त्यांनी हात हलवला. ये, असा नाही. लाव, असा.

तिनं कडं बोल्टवर चढवलं, नट लावला, पाना फिरवला. एकदा घसरला आणि तिचं बोट सोललं. "अजून," अंगद म्हणाला, "अजून अर्धा फेरा. आता बस." ती धावत बॅटरीकडं, मायनस तार लावली, आवळली. प्रभावतीबाई आकडे वाचत होत्या, कुणीही विचारलं नसताना. "एक्क्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. दीपे, अठ्ठ्याहत्तर." तातेरावांचे ओठ जांभळे पडले होते. डोकं मागं टेकलेलं, खांदे प्रत्येक श्वासाला वर ओढले जात होते.

तिनं चावी फिरवली. खट्. परत. खट् खट् खट्.

बॅटरीत स्टार्टर फिरवण्याएवढं बळ उरलं नव्हतं.

"धक्का!" बॉनेट खाली आदळत अंगद ओरडला. "दुसऱ्या गिअरमधी टाका, क्लच दाबून धरा, मी सांगंल तवा सोडा!" आणि वावराकडं वळून त्यानं बोंब मारली, "ओ मावशी! पळा! पेशंट हाय गाडीत!"

गव्हात वाकलेल्या चार बाया विळे टाकून धावत आल्या. एकीचा पदर काटेरी कुंपणात अडकला, तो तिनं तसाच ओढून फाडला. पाचही जणांनी मागून जोर लावला. गाडी बाभळीखालून हलली, सडकेवर आली, चाकांना वेग आला.

"सोडा!"

गाडीनं आचका दिला, इंजिन दोनदा अडखळलं आणि धरलं. दीपमालानं क्लच दाबून गाडी कडेला घेतली आणि पाय ॲक्सिलरेटरवर दाबून धरला. काट्यांच्या मधलं लाल चित्र विझलेलं होतं. तिनं मशीनचं बटण दाबलं. ते लगेच सुरू झालं नाही. दिवे लागले, पडद्यावर काहीतरी फिरत राहिलं, दहा सेकंद, पंधरा. मग धाप सुरू झाली. त्या वेळी चिमट्यावर ७३ होतं.

ते ७३ वरून ७५ व्हायला किती वेळ लागला, हे प्रभावतीबाईंना अजून सांगता येत नाही. त्या म्हणतात, एक जन्म गेला. अंगदनं बॉनेट उघडून मीटर बॅटरीला लावलं आणि खिडकीशी येऊन आकडा सांगितला, "चौदा पॉइंट एक, काका." तातेरावांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ८०. ८४. ओठांचा जांभळा रंग उतरला.

तिथंच थांबण्यापेक्षा दीपमालानं गाडी जालन्याच्या दिशेनं काढली. रामनगरच्या अलीकडं समोरून रुग्णवाहिका आली. त्यांनी तातेरावांना स्ट्रेचरवर घेतलं, तोंडाला मोठा मास्क लावला, प्रभावतीबाई बरोबर चढल्या. दीपमाला एकटी गाडी घेऊन रुग्णवाहिकेच्या मागं निघाली. सोललेल्या बोटाचं रक्त सगळ्या स्टिअरिंगला लागलं होतं आणि तिला ते दवाखान्याच्या दारात दिसलं.

तातेराव सहा दिवस दवाखान्यात होते. चौथ्या दिवशी मास्क निघाला, बोलायला लागले. दीपमाला त्यांना पेज भरवत होती. तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला खात्री होती ना, नटच ढिला हाय म्हणून?"

त्यांनी पेज गिळली. "न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"तार आतूनबी जळालेली असू शकती. मंग नट आवळून उपेग नव्हता." थोडं थांबून ते म्हणाले, "सत्तर टक्के, नट."

"अन् तीस?"

"ते कुणाला सांगून काय झालं असतं? तुझा हात आधीच हलून राह्यल्ता."

"तुम्हाला भ्या न्हाई वाटलं?"

"मला?" ते तिच्याकडं असं बघत राहिले की जणू तिनं त्यांना ओळखलंच नाही. "दीपे, तू मायनस तार काढत होतीस ना, तवा मला बॅटरी दिसतच नव्हती. अप्पाराव दिसत होते. तोंड झाकून खाली बसलेले. मला वाटलं, मशीन गेलं तरी चालंल, पण हिच्या डोळ्याला काही..." त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली.

प्रभावतीबाई कोपऱ्यात मोसंबी सोलत होत्या. अंगद आदल्या दिवशी एक पिशवी देऊन गेला होता. त्यांनी सगळं ऐकलं. दोन दिवस त्या नवऱ्याशी धड बोलल्या नाहीत. "तीस टक्के म्हणे," एवढंच मधूनमधून, भिंतीकडं बघून.

तातेराव आता घरी असतात. मशीनची बॅटरी नवी घेतली, एक जास्तीची पण आणली. तपासणीला जाणं चालूच आहे. मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा दारात गाडी उभी होती, बॉनेट वर केलेलं. प्रभावतीबाई डोळ्यांवर नवऱ्याचा चष्मा चढवून, पदर कमरेला घट्ट खोचून, दोन्ही हातांत मीटरच्या सुया धरून उभ्या होत्या. दीपमाला शेजारी. तातेराव उंबऱ्यात खुर्ची टाकून, नाकात नळी.

"लाल कुठं?" त्यांनी विचारलं.

"प्लसवर," प्रभावतीबाई म्हणाल्या. "पण मी सांगते, मला लई भ्या वाटून राह्यलंय."

"वाटू दे," तातेराव म्हणाले. "टेकव."